पांढरी पाच, पण जरा चढी: एका रेडिओग्रामच्या घूंची तपासणी

मिरजेत आमच्या ताईला गाणं शिकवणाऱ्या बाई आहेत. आता वय ऐंशीच्या पुढे, क्लास बंद, पण कान शाबूत. त्यांच्या माजघरात भिंतीला टेकून एक रेडिओग्राम उभा आहे: वर झाकणाखाली तबकडी, खाली रेडिओ, दोन्हींना मिळून एकच स्पीकर. आतल्या फळीला रबरबँडनं बांधलेलं पोस्टातलं रेडिओ लायसन्सचं पुस्तक अजून आहे, पहिला शिक्का १९६४ चा. सेट बरीच वर्षं बंद होता. मध्ये एका मेकॅनिकला दाखवला, त्यानं 'व्हॉल्व्हचं आता काही मिळत नाही' म्हणून हात वर केले. (व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टर येण्याआधीच्या सेटमधल्या काचेच्या नळ्या.) बाईंनी मला बोलावलं ते तेवढ्यासाठी.

तक्रार त्यांनी जशी सांगितली तशीच लिहितो, कारण पुढचं सगळं त्या एका वाक्यावर उभं राहिलं. "अरे, सुरू केलं की घूं करतो. पांढरी पाच लावतो, पण जरा चढी. आणि गाणं त्या घूंच्या मागे उभं राहतं."

मी हसलो आणि पेटी मागवली. बाईंनी खरजाची पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी, धरली, मी सेट लावला. खरोखर, पेटीपेक्षा किंचित वर. ए म्हणजे पांढरी सहा ४४० ला लावलेल्या पेटीवर खरजाच्या सप्तकातली पांढरी पाच ९८ हर्ट्झला येते. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा व्हॉल्व्ह) लाटेचे दोन्ही अर्धे वापरतो म्हणून डीसीवर जी लहर उरते ती १०० ची. ९८ आणि १०० मधला तो फरक बाईंच्या कानानं पकडला होता. (नव्वदच्या दशकात संध्याकाळी ग्रिड ४९ च्या खाली यायची, तेव्हा हीच घूं पांढरी पाचच्या बरोबरीला किंवा खाली उतरत असणार. आता ग्रिड ४९.९ ते ५०.०५ च्या आत ठेवतात. घरातला तानपुरा उतरेल, हा स्वर उतरत नाही.)

या एका गोष्टीनं माझं निम्मं काम झालं. घूं १०० ची असेल तर संशय पहिल्यांदा पॉवर सप्लायवर जातो. ५० ची असेल तर शील्ड, अर्थिंग, हीटर (व्हॉल्व्ह तापवणारी तार), तबकडीच्या मोटारीचं चुंबकीय क्षेत्र अशा ठिकाणी शोधायचं. बरेच जण हे न ऐकताच थेट सगळे कंडेन्सर बदलायला बसतात. मीही पूर्वी बसायचो.

दुसरी चाचणीही कानाचीच. आवाजाचं बटण शून्यावर आणलं, तरी घूं तेवढीच. म्हणजे ती व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे कुठेतरी शिरते आहे. बटणाबरोबर कमीजास्त झाली असती तर उगम त्याच्या मागे, पिकअपकडे (तबकडीवर सुई टेकवणाऱ्या भागाकडे) किंवा रेडिओकडे असता. एवढं करेपर्यंत मी स्क्रू ड्रायव्हरसुद्धा हातात घेतला नव्हता.

चॅसी बाहेर

आत ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ (शेवटचा, स्पीकर चालवणारा) आणि ईझेड ८० (रेक्टिफायर), शिवाय स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारा डोळा. साठच्या दशकातल्या अनेक सेटमध्ये भेटणारी घरची मंडळी. ट्रान्सफॉर्मर असलेला एसी सेट होता हे आधी नीट बघून घेतलं. ज्या सेटमध्ये यूसीएच, यूएल अशा 'यू'च्या नावाचे व्हॉल्व्ह असतात, त्यांत बहुतेक वेळा चॅसी, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, थेट मेनला जोडलेली असते. तिथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय हात घालायचा नाही. आणि कुठल्याही व्हॉल्व्ह सेटमध्ये बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये अडीचशे व्होल्ट बसून राहू शकतात. माझ्याकडे १० किलोओहम पाच वॅटचा एक रेझिस्टन्स आहे, दोन्ही टोकांना क्लिपा. दर वेळी बंद केलं की आधी तो लावायचा, मीटरनं शून्य बघायचं, मगच बोट.

सेट पहिल्यांदा सुरू केला तो सिरीज बोर्डावर, शंभर वॅटच्या बल्बमधून. बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये शॉर्ट नाही. मग थेट मेन. इथे एक गोष्ट दिसली जी घूंशी संबंधित नव्हती, पण दुर्लक्षण्यासारखीही नव्हती. मागच्या पट्टीवर व्होल्टेजची पिन २२० वर होती आणि त्या दिवशी घरात मीटर २४३ दाखवत होता. हीटरला ६.३ ऐवजी ६.९ मिळत होते. पिन २४० वर नेली, ६.४ झाले. बाई म्हणाल्या, "एवढंच होतं?" मी म्हटलं, नाही बाई, हे फक्त त्याला जास्त जेवण वाढणं थांबवलं.

आता घूं कुठल्या पायरीवर शिरते ते बघायचं होतं. यासाठी जुनी आणि बिनखर्चाची युक्ती आहे. ०.१ मायक्रोफॅरडचा चांगल्या व्होल्टेजचा कंडेन्सर, दोन्ही टोकांना क्लिप. एक टोक चॅसीला, दुसरं शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला, म्हणजे आवाज व्हॉल्व्हमध्ये शिरतो त्या टोकाला. ग्रिडवर येणारी एसी तिथेच चॅसीत जाते. घूं थांबली तर ती मागून येते आहे, नाही थांबली तर ती त्या पायरीतली किंवा सप्लायमधली. ईएल ८४ च्या ग्रिडला लावला, काही फरक नाही. तिथेच थांबलो, मागच्या पायऱ्या बघायची गरजच उरली नाही.

मीटर त्या ग्रिडवर होताच, म्हणून डीसी बघितले. शून्य असायला हवे होते, अधिक ८ आले.

ईएल ८४ ची ग्रिड रेझिस्टन्समधून चॅसीला बांधलेली असते, तिथे अधिक व्होल्ट यायचं कारण नाही. मागच्या ईबीसी ८१ च्या प्लेटवरून आवाज घेऊन येणारा कपलिंग कंडेन्सर, कागदी, मेणानं भरलेला, गळत होता. खात्रीसाठी त्याचं एक टोक सोडवलं, ग्रिड लगेच शून्यावर आली. म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नव्हता. ०.०१ चा नवा ६३० व्होल्टचा प्लास्टिक फिल्मवाला घातला.

याचा घूंशी संबंध काय? कॅथोडचा रेझिस्टन्स १५० ओहमचा, त्यावर १०.५ व्होल्ट पडत होते, म्हणजे ७० मिलिॲम्पिअर. ईएल ८४ ला कॅथोडची मर्यादा ६५. बाकी सेटचे वीसेक धरले तर रेक्टिफायरवर ९० चा भार, आणि ईझेड ८० चा कडेलोटही ९० वरच. म्हणजे बिचारा सप्लाय आधीच म्हातारा, त्यात गळका कंडेन्सर त्याच्याकडून जास्तीचं काम करून घेत होता. जेवढा करंट जास्त, तेवढी लहर मोठी. म्हणून गळती आधी बंद केली. तिनं घूं थोडी कमी झाली, संपली नाही.

मग सप्लायच्या कंडेन्सरचा मुख्य डबा. ॲल्युमिनियमचा उभा, आत ३२ अधिक ३२ मायक्रोफॅरड. मीटरवर पहिला ९ आला आणि दुसरा ३. साठ वर्षांत आतलं इलेक्ट्रोलाइट सुकलेलं, आश्चर्य नाही. लहर मोजली ती एका वेगळ्या कंडेन्सरमागून, म्हणजे मीटरला डीसी लागू नये. पहिल्या टोकाला २१ व्होल्ट, एक किलोओहमच्या फिल्टर रेझिस्टन्सनंतर साडेनऊ. साडेनऊ व्होल्टची लहर अंगावर घेऊन जो सेट गातो त्याला घूं करायचा हक्कच आहे.

इथे लोक एक चूक करतात, आणि माझ्या आधीच्या काही सेटवर मी तिचे परिणाम बघितले आहेत. ३२ च्या जागी २२० घालतात. 'मोठा घातला की हमिंग जाईल.' जातं, पण व्हॉल्व्ह रेक्टिफायरही जातो. ईझेड ८० ला पहिल्या कंडेन्सरची कमाल मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे, कारण कंडेन्सर जेवढा मोठा तेवढे चार्जिंगचे झटके उंच, आणि ते कॅथोडला सोसावे लागतात. डायोडच्या सेटमध्ये काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा, इथे नाही. पुण्याच्या बुधवार पेठेतून मागवलेले ३३ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचे दोन घेतले. जुना डबा तसाच चॅसीवर ठेवला, फक्त त्याच्या पायांवरच्या वायरी काढल्या. जुन्याच्या जोडीला नवा समांतर लावून काम भागत नाही, जुना गळका असेल तर तो गळतच राहतो.

सेट लावला. पहिल्या टोकाला २६४ व्होल्ट, फिल्टरनंतर २४४. लहर पहिल्या टोकाला ५.२ व्होल्ट, फिल्टरनंतर पाव. कॅथोडवर ७.६, म्हणजे ५१ मिलिॲम्पिअर. आकडे सुंदर. मी बाईंना हाक मारली.

माझी चूक

बाई खुर्ची ओढून समोर बसल्या. घूं खरोखर गेली होती, पण जिथे शांतता हवी तिथे एक बारीक झर्र होतं. माझ्या कानाला ते 'चालतंय' वाटलं. बाई थोडा वेळ डोळे मिटून बसल्या आणि म्हणाल्या, "स्वर तोच आहे. आधी तो घशातून येत होता, आता नाकातून येतोय."

पेटीवर ताडून बघितलं, स्वर तोच, १०० चा, पण वरच्या स्वरांशांनी भरलेला. आकड्यांनी लहर गेली म्हणून सांगितलं होतं, तर हा कुठून आला? बटण शून्यावर, तरी तेवढाच. पुन्हा ०.१ चा कंडेन्सर ईएल ८४ च्या ग्रिडला लावला. या वेळी झर्र पार थांबलं. म्हणजे आता ते मागून येत होतं, व्हॉल्यूम कंट्रोल आणि ईएल ८४ च्या मध्ये. तिथे फक्त ईबीसी ८१ चा ट्रायोड, म्हणजे त्यातला आवाज वाढवणारा भाग.

व्हॉल्व्ह बदलून बघितला, माझ्याकडे एक जुना होता. काही फरक नाही. वेळ गेला. शेवटी चॅसी उलटी करून नुसता बघत बसलो, तेव्हा दिसलं. नवे कंडेन्सर खाली बसवताना त्यांचं ऋण टोक मी हाताला सोयीच्या टॅगवर डागलं होतं, आणि तो टॅग नेमका ईबीसी ८१ च्या सॉकेटजवळचा. ट्रान्सफॉर्मरचं मधलं टोक चॅसीच्या दुसऱ्या कोपऱ्यात.

यात काय होतं ते उलगडून सांगतो, कारण नवे कंडेन्सर घालूनही हमिंग पूर्ण जात नाही अशी तक्रार अनेकांची असते. पहिला कंडेन्सर सतत चार्ज होत नाही. लाटेच्या माथ्याजवळच, सेकंदाच्या दर शंभराव्या भागाला एकदा, काही मिलिसेकंद झटका बसतो, आणि त्या झटक्यात सरासरीच्या कितीतरी पट करंट वाहतो. तो करंट परत ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकाकडे जाणार, आणि माझ्या जोडणीत तो चॅसीच्या पत्र्यातून सगळं अंतर कापून जात होता. पत्र्याला प्रतिकार थोडा, पण अगदी शून्य नाही. म्हणजे ट्रायोडच्या पायाखालची जमीनच दर झटक्याला किंचित हलत होती. मिलिव्होल्टच्या कितव्या तरी भागाची हालचाल ट्रायोड पन्नासेक पटीनं वाढवतो, मग ईएल ८४ त्यावर आणखी. टोकेरी झटका, म्हणून नाकातला आवाज.

जुन्या डब्याचं ऋण टोक कारखान्यात कुठे होतं ते मी काम सुरू करण्याआधी फोटोत टिपलं होतं आणि तो फोटो बघायचा कंटाळा केला. डबा ट्रान्सफॉर्मरच्या अगदी शेजारी होता. तिथलीच जमीन होती. दोन्ही नव्यांची ऋण टोकं जाडसर वायरनं थेट मधल्या टोकावर नेली, पहिल्या कंडेन्सरची आधी, दुसऱ्याची त्यानंतर, आणि चॅसीशी जोडणी तेवढ्या एकाच जागी. दहा मिनिटांचं काम. झर्र गेलं. बाईंना सांगितलं नाही, त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आता बरं."

खर्ज

रेडिओवर सेट शांत झाला होता. मग ग्रॅमवर, म्हणजे तबकडीवर, नेला, आणि वाटलं परत पहिल्यापासून. पण ही घूं वेगळी. आवाज वाढवला की वाढते, शून्यावर गप्प. बाईंनी पेटी उघडायचीही तसदी घेतली नाही. "हा खालचा. त्याच स्वराचा खर्ज."

५० हर्ट्झ, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. आणि बटणाला मानतो, म्हणजे व्हॉल्यूमच्या मागे. पिकअपची पिन सॉकेटमधून उपटली, शांत. परत लावली, घूं. पिकअपच्या हाताला बोट लावलं की कमी होते, काढलं की वाढते. पिकअपमधून येणारी शील्डेड वायर टोकापासून टोकापर्यंत मीटरवर धरली आणि हळूहळू वाकवत गेलो. जिथे ती फळीच्या भोकातून खाली उतरते, तिथे वाकवली की मीटर कधी शून्य दाखवे, कधी काहीच नाही. वरचं आवरण सोललं तर आत तांब्याची जाळी हिरवी-काळी होऊन तुटलेली, चार तारा धरून होत्या.

या सेटमधलं काडतूस, म्हणजे सुई धरणारा पिकअपचा तुकडा, सिरॅमिक होतं. त्याचा इंपिडन्स फार जास्त, मेगओहमच्या घरातला. अशा वायरला शील्ड नसेल तर शेजारच्या मोटारीच्या मेनच्या वायरी तिच्यात नुसत्या जवळिकीनं ५० हर्ट्झ सोडतात. नवी बारीक शील्डेड वायर ओढली. तबकडीच्या पत्र्याला वेगळी अर्थची वायर आधीपासून होती, तिला हात लावला नाही. शील्ड फक्त चॅसीच्या बाजूला जोडली, तबकडीच्या पत्र्याला परत जोडली असती तर दोन वाटांची कडी तयार झाली असती आणि तिच्यात नवं हमिंग फिरलं असतं. पिकअपच्या हाताचा पत्रा जुन्या वायरीवरून जमिनीवर होता, तो तपासून घेतला.

चाकाचं रबरही जागेवर दबून बसलं होतं, तबकडी फिरताना धड् धड् करायचं. दोन दिवस फिरवत ठेवलं, बरंच सरळ झालं. उरलेलं उरलं.

मग बाईंनी कपाटातून अब्दुल करीम खाँसाहेबांची अठ्ठ्याहत्तरची तबकडी काढली. खाँसाहेबांची मजार मिरजेतल्याच दर्ग्यात आहे, आणि त्यांचं निधन १९३७ चं, म्हणजे एलपी येण्याआधीचं सगळं काम. पहिल्यांदा लावली तेव्हा खरखर इतकी की माझाच जीव धस्स झाला. काडतुसाची कळ एलपीच्या बाजूला होती. अठ्ठ्याहत्तरची खाच रुंद असते, तिच्यात एलपीची बारीक सुई तळाला जाऊन कचरा खरवडते. कळ फिरवली, दुसरी सुई खाली आली, खरखर अर्ध्यावर आली आणि आवाज पुढे आला.

राहिलेली खरखर फिल्टर लावून आणखी कमी करता येते. एक मायक्रोफॅरडचा काही भाग इकडे, एक रेझिस्टन्स तिकडे, आणि वरचं सगळं कापलं जातं. मी विचारलं. बाई म्हणाल्या, "त्या खरखरीत त्यांचा निषाद आहे. तो कापू नको."

जे सुटलं नाही

मीडियम वेव्हवर संध्याकाळी सात वाजले की एक सलग घर्र सुरू होतं आणि स्टेशन त्याखाली दबतं. सेट पुन्हा उघडायचा मोह झाला. आधी खिशातला सेलवर चालणारा छोटा ट्रान्झिस्टर रेडिओग्रामशेजारी धरला, तिथेही तेच घर्र. म्हणजे ते हवेतून येतं, आमच्या चॅसीतून नाही. बाईंच्या घरातले एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर एकेक करून बंद केले. एका स्वस्त बल्बनं आवाज निम्मा केला, तो बदलला. मग मेन स्विचच पाडला, ट्रान्झिस्टरवर घर्र तरीही थोडं उरलं. शेजारच्या घरात दिवे लागलेले होते. त्यांना जाऊन 'तुमच्या बल्बमुळे आमचं रेडिओवर घर्र येतं' असं सांगायची माझी तयारी नव्हती. बाईंचीही नव्हती, शेजारीण त्यांची विद्यार्थिनी आहे. एरियलची वायर मागच्या अंगणाच्या बाजूला नेली, थोडं बरं झालं, संपलं नाही.

व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर येत होती, त्याला स्प्रे मारून पंधरावीस वेळा फिरवलं. कपलिंगचा गळका कंडेन्सर बदलून झाल्यावर, इतर ठिकाणचे तीन कागदी कंडेन्सरही मी एकेक करून बदलले, दर वेळी सेट लावून बघत. एकदम सगळे बदलले असते तर माझ्या झर्रचं कारण मला कधीच सापडलं नसतं. सगळा माल मिळून पाचशे रुपयांच्या आत गेला, वेळेचा हिशोब मी लावत नाही.

स्पीकरच्या कापडाला कान लावला तर अजूनही एक अगदी पुसट घूं आहे. एक हात लांब गेलं की नाही. ती काढायला फिल्टरमध्ये चोक (लोखंडावरची तारेची गुंडाळी) घालता येईल, पण मग मूळ वायरिंग मोडावं लागेल, आणि बाई कापडाला कान लावून रेकॉर्ड ऐकत नाहीत.

चॅसी परत बसवताना लायसन्सच्या पुस्तकाशेजारी एक कागद रबरबँडखाली सरकवला. त्यावर पेननं लिहिलं: पिन २४० वर. पहिलं टोक २६४, दुसरं २४४, कॅथोड ७.६, हीटर ६.४. पहिला कंडेन्सर ५० च्या वर घालू नये. ऋण टोक ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकावरच. खाली तारीख. बाईंनी तो कागद वाचला, पेन मागून घेतलं आणि शेवटी आपल्या अक्षरात एक ओळ घातली: घूं आली तर आधी पेटी लावून बघणे.